कडेचं दिसणं

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं कुणाला शोभणार नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सगळेच म्हणतात, आणि बोलायचं म्हटलं तरी ऐकायला या घरात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही माझ्या सख्ख्या आई नव्हता, सासू होता. पण लग्न होऊन नागपुरात जरीपटक्याच्या या दोन खोल्यांत आले तेव्हा यांना आई म्हणायचं असं मोठ्या नणंदेनं दारातच बजावलं, आणि मी ते शेवटपर्यंत म्हटलं. आजही हात आपोआप तेच लिहून गेला. बाकी या पत्रात तुम्हाला आवडेल असं काही नाही.

मला वाचता येतं हे तुम्हाला कधी खपलं नाही. माझी शाळा तिसरीतच सुटली होती, अक्षरं तेवढी राहिली होती. किराण्याची पुडी सोडली की तिचा कागद हातानं सपाट करून मी चुलीजवळ ठेवायची आणि भाकरी थापता थापता वाचायची. अर्धी बातमी, कापलेली जाहिरात, कुणाची तरी गाय हरवल्याची सूचना, जे येईल ते. तशीच वाचत वाचत मी नीट वाचायला शिकले. तुम्ही शेजारणींसमोर म्हणायच्या, "आली आमची मास्तरीन. जिऱ्याच्या पुडीवर काय लिहून हाय, सांग वं आम्हालेही." त्या हसायच्या, मीही हसायची. हसणं ओसरलं की मात्र तुमचा आवाज बदलायचा. "डोळे फोडून घेशील एक दिवस. डोळ्यातलं पानी मोजकंच असते, वाचन्यात आटवलं का संपलं." एकदा तर तुम्ही माझ्या हातातून कागद ओढला आणि चुलीत घातला. हे, म्हणजे तुमचा मुलगा, समोरच जेवत होते. तुमच्यापुढे एक शब्द बोलले नाहीत. पण चार दिवसांनी, सदर भागातल्या ज्या कापडदुकानात ते कामाला होते तिथून घरी येताना रद्दीतलं एक मासिक घेऊन आले आणि पिठाच्या डब्याखाली सरकवलं. त्यानंतर असं एखादं मासिक त्या डब्याखाली नेहमी असायचं. त्यांनी मला काय काय दिलं ते आठवायला बसले की लुगडी आठवत नाहीत, ती मासिकं आठवतात. आणि डोळ्यांचं नाव निघालं की तुमचा आवाज का बदलतो, हे तेव्हा मला विचारावंसंही वाटलं नाही.

डाळीचं सांगते. तुरीची डाळ निवडायचं काम तुम्ही कुणाला देत नव्हता. सूप मांडीवर घेऊन दाराच्या उजेडात बसायच्या आणि बोटांनी डाळ पसरत राहायच्या, तास तास. एके दिवशी जेवताना यांच्या दाताखाली खडा आला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. यांनी घास बाहेर काढला, पाणी प्यायले. बोललात तुम्ही. "हिचं ध्यान पुड्यांत असते. डाळीत खडे नाही राहीन तं काय राहीन." मी तुमच्याकडे पाहिलं. डाळ तुम्ही निवडली होती हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या शेजारच्या भिंतीकडे पाहत होता. मला वाटलं, खोटं बोलल्या म्हणून नजर चुकवताहेत. मनातून बरंच वाटलं, निदान लाज तरी आहे. आता कळतं की तुम्ही नजर चुकवत नव्हता. मी कुठे बसले आहे ते तुम्हाला नीट दिसतच नव्हतं. त्यानंतर तुम्ही निवडून ठेवलेली डाळ मी तुमच्या पाठीमागे पुन्हा निवडायला लागले. तुम्ही लपवत होता, आणि तुम्ही लपवता ते न कळता मी ते झाकत होते.

आणि तो खांद्यावरचा हात. धाकट्या नणंदेला पाहायला पाहुणे आले त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "तू पुढं चाल, मी तुह्या मागं येतो." हातात पोह्यांचं ताट घेऊन मी पुढे आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही मागे, अशा आपण बाहेरच्या खोलीत गेलो. मुलाच्या आईनं कौतुकानं मान हलवली. "सासू-सुनेचं असं गूळपीठ कुठं पाह्यले नाही भेटत बाप्पा." तुम्ही म्हणालात, "सून कायची जी, लेकच हाय माही." मी ताट ठेवलं आणि आत येऊन पदरानं डोळे टिपले. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तुम्ही मला चारचौघांत लेक म्हटलं होतं. पुढे देवळात, लग्नाकार्यात, बाजारात तो हात माझ्या खांद्यावर असायचाच, आणि मी त्याच्यासाठी चाल हळू करायची. आई, मधला उंबरठा तुम्हाला दिसत नव्हता म्हणून तो हात होता. मी त्याला माया समजले. तुमच्यावर माझा सगळ्यात जुना राग हा आहे. तो मोठा नाही, पण जात नाही.

मग बुबुळात पांढरट दिसायला लागलं तेव्हा लपवण्यासारखं राहिलं नाही, आणि तुम्हाला एक सोयीचा शब्द मिळाला. मोतीबिंदू. त्यात लाज नव्हती, म्हाताऱ्या माणसाला होतोच. गल्लीतली प्रत्येक बाई सांगायची की मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो, कच्चा काढला तर डोळा जातो. तेव्हा डॉक्टरही तसंच सांगत. शिवाय ऑपरेशन थंडीतच. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात डोळा कापला तर जखम चिघळते, पावसाळ्यात पू होतो, तेव्हा काय करायचं ते दिवाळीनंतर. दिवाळी झाली की तुम्ही म्हणायच्या, "अजून पिकला नाही. मले कळते." थंडी सरली की म्हणायच्या, "आता तं ऊन तापून राहिलं. पुढल्या थंडीत पाहू." मधल्या काळात डोळ्यात कधी मध, कधी गुलाबपाणी, कधी कुणी सांगितलेला पाल्याचा रस. डोळे लाल व्हायचे, तुम्ही म्हणायच्या घाण बाहेर पडून राहिली. शेवटी एका हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर डोळे तपासायचा तंबू लागला, तेव्हा यांनी ऐकलं नाही. मी तुम्हाला घेऊन गेले. तंबूत फक्त पेशंटला सोडत होते, मी बाहेर उन्हात उभी राहिले. बऱ्याच वेळानं एका सेवक मुलीचा हात धरून तुम्ही आलात आणि मी विचारायच्या आत म्हणालात, "पिकला नाही म्हनते. पुढल्या थंडीत या म्हने." ती मुलगी तुमच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली, "आजींना जपा." एवढंच. आत डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले ते मला कधी कळणार नाही. पण तुमच्याबरोबरच्या म्हाताऱ्यांना ऑपरेशनची तारीख देत होते, आणि पुढच्या थंडीत तुम्ही डोळ्यांचं नावही काढलं नाहीत.

पुढची वर्षं तुम्ही पूर्ण आंधळ्या होता आणि घर तुम्हाला पाठ होतं. मिठाचा डबा कुठे, तिखटाचा कुठे, कुणी जागा बदलली तर तुम्ही घर डोक्यावर घ्यायच्या. मला तुमची कीव यायची. खरंच यायची. तुमची वेणी मी घालायची, नखं मी कापायची, आणि तुम्ही मला मासिकातलं वाचून दाखवायला सांगायच्या. ज्या हातानं कागद चुलीत घातला तोच हात हलवून म्हणायच्या, "वाच ना वं पुढचं, थांबली काहून." त्या दिवसांत मी तुम्हाला सगळं माफ करून टाकलं होतं. ते मी आता परत घेते, आणि का घेते ते सांगते.

उन्हाळ्याचे दिवस होते. तुम्ही पाटावर बसला होता, हे शेजारी. पाण्यानं भरलेला पितळी पेला यांच्या ताटाजवळ होता. यांनी भाजीला हात पुढे केला आणि पेला कोपरानं उडाला. पाणी तुमच्या पायापर्यंत आलं. मी हसून म्हटलं, "तुमचं ध्यान कुठं असते, आठवड्यात दुसऱ्यांदा झालं." हेही हसले. म्हणाले, "गिलासच मंधात येते वं." तुम्ही हसला नाहीत. तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही विचारलंत, "कोन्या बाजूले होता गिलास?" हे म्हणाले, "डाव्या. काहून?" तुम्ही म्हणालात, "काही नाही." आणि पुढे जेवला नाहीत. मी म्हटलं, पोट बरं नाही का, ताक देऊ का. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. नंतर कधीतरी तुम्ही यांना विचारलंत की सायकलवर बाजूची माणसं दिसतात का, आणि हे म्हणाले, "माय, मी सदरच्या रस्त्यानं पुढं पाहू का बाजूले पाहू?" आई, पेला सांडला त्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला डोळे नव्हते, पण त्या घरात जर कुणाला दिसलं असेल की तुमच्या मुलाची कडेची नजर जाते आहे, तर ते फक्त तुम्हाला. तुमच्या दोन्ही मुली तेव्हा नांदत होत्या. कुणाचं लग्न मोडणार नव्हतं. तुम्ही एक वाक्य बोलायचं होतं.

तुम्ही गेलात, आणि त्यानंतर काही वर्षांनी हे गेले. दुकानातून सायकलवर येताना चौकात बाजूनं ट्रक आला. पाहणारे सगळे एकच सांगत होते, की ट्रक लपलेला नव्हता, चांगला दिसत होता, यांनी त्या बाजूला मानसुद्धा वळवली नाही. ट्रकवाला रडत होता म्हणे. मी किती महिने यांच्यावरच रागावले होते ते तुम्हाला सांगून कळणार नाही. वेंधळे, धांदरट, रस्त्यात स्वप्नं पाहणारे. दाराच्या चौकटीला आपटायचे, म्हशीला सायकल लावायचे, मी आणि आमची लेक त्यावर हसायचो. मला वाटलं त्यांच्या निष्काळजीपणानं त्यांना नेलं. मेलेल्या नवऱ्याला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या, आणि तुमच्या फोटोला हार घातला.

तेरवीला तुमचे भाऊ आले. तुमचे माहेरचे लोक कधी नागपूरला यायचे नाहीत, तुम्ही त्यांना बोलवत नव्हता, शेतीची कामं सांगून टाळत होता. मामा आमच्या लग्नात आले होते ते काळा चष्मा लावून, डोळे आले आहेत म्हणून. आमच्याकडच्या बायका मागे कुजबुजल्या होत्या की नवरदेवाच्या मामाची ऐट तर बघा. तेरवीला ते बिनचष्म्याचे बसले होते आणि मामींनी त्यांचा हात धरून तांब्यावर नेऊन ठेवला.

मी विचारलं, "मामाजीले कधीपासून दिसत नाही?"

"लय वर्षं झाली," मामी म्हणाल्या. "तुह्या लग्नातही कुठं दिसत होतं त्याइले."

"लग्नात तं डोळे आले होते ना?"

"थो चष्मा तुह्या सासूनंच आनला होता. म्हने, गुपचाप बसजो, कोनी बोललं का हात जोडजो." मामी पदराआड जराशा हसल्या. "याइनं मांडवाच्या खांबाले हात जोडले. मीच ओढून खाली घेतले."

मामा म्हणाले, "खांबानंही वापस जोडले असन, तुले काय माहीत."

"पण झालं काय त्यांच्या डोळ्यांले?"

"त्यांच्या घरचंच हाय थे. आधी याइच्या बापाचे गेले, मंग याइचे, मंग तुह्या सासूचे. पह्यले बाजूचं जाते, मंग हळूहळू समोरचं." आणि माझ्या तोंडाकडे पाहून त्या थांबल्या. "तुले सांगितलं नव्हतं काय वं तिनं? तिच्या मायनं तिच्या लग्नात शपथ घातली होती का सासरी तोंडातून काढशील तं पोरीइचे लग्न नाही होनार. पन मले वाटलं, घरात तं सांगितलं असन."

दुःखाच्या दिवसांत ऐकलेलं माणसाच्या आत नीट उतरत नाही. ते शब्द कानात गेले आणि तिथेच पडून राहिले. त्यानंतर मी शिवणाचं मशीन घेतलं, एक लेक होती तिला शिकवलं, तिचं लग्न रामदासपेठेत चांगल्या घरी लावून दिलं. मग सुईत दोरा जाईना, पुस्तक हातभर लांब धरावं लागायला लागलं, तेव्हा चष्म्यासाठी रामदासपेठेतल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. गर्दी होती. भिंतीवर एक मोठा तक्ता टांगला होता आणि भिंतीवर काही लिहिलेलं असलं की मी वाचतेच. त्यात दोन चित्रं होती. एकात रस्त्यावर उभी मुलगी, एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला गाय. दुसऱ्यात सगळीकडे काळं आणि मधोमध नुसती मुलगी. खाली लिहिलं होतं की काचबिंदूत आधी कडेचं दिसणं कमी होतं, दुखत नाही, रोग्याला कळत नाही, आणि घराण्यात असेल तर मुलांना होऊ शकतो. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. काळं होतं तिथे मला चौक दिसायला लागला. माझा नंबर पुकारला तो ऐकू आला नाही. शेवटी कंपाउंडर येऊन म्हणाला, "मावशी, झोपल्या काय जी? डॉक्टरसाहेब वाट पाहून राहिले."

डॉक्टरांनी माझे डोळे तपासले, नुसती चाळिशी आहे म्हणाले. मी तक्त्याकडे बोट दाखवून विचारलं. ते म्हणाले, "घरात कुणाला आहे का?" मी म्हटलं, सासूला होता, तिच्या भावाला, बापाला. मग थांबले. म्हटलं, माझ्या मिस्टरांना होता बहुतेक, कुणी पाहिलंच नाही. त्यांनी विचारलं, "मुलं?" एक मुलगी, म्हटलं. "तिला आणा," ते म्हणाले. "गेलेली नजर कुणी परत आणू शकत नाही. उरलेली राखता येते, पण त्यासाठी वेळेत यावं लागतं."

त्या दिवसापासून मी डोळ्यांवरचं मिळेल ते वाचलं. तुम्ही ज्याला डोळे फोडणं म्हणायच्या ते मी पोटभर केलं, आणि त्यानं डोळे फुटत नाहीत, फार तर थकतात. म्हणून आता ऐका. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होतं. ते काढतात, चष्मा देतात, माणूस पुन्हा पाहतो. काचबिंदू वेगळा. डोळ्याच्या आत दाब वाढतो आणि पाठीमागची नस, जी पाहिलेलं मेंदूपर्यंत नेते, ती थोडी थोडी सुकत जाते. ती सुकली की सुकली. तुम्हाला दोन्ही होते, आणि पुढच्या पांढऱ्या बुबुळामागे तुम्ही मागचा रोग लपवला. तुम्ही पिकायची वाट पाहत होता तेव्हा मागे नस वाळत होती. चाळिशी लागली की एकदा डोळ्याचा दाब मोजून घ्यावा, आणि आईबापांत कुणाला असेल तर त्याच्या कितीतरी आधी आणि दर वर्षी. दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, डोकं आणि डोळा एकदम ठणकला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. डोळ्यात मध, रस, दूध, काही घालू नये. माझी लेक तान्ही असताना तिचे डोळे चिकटायचे तेव्हा तुम्ही बोटानं काजळ भरायच्या, आणि त्याच बोटानं आपल्या डोळ्यातलं पाणी पुसायच्या. उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ फडकं, एवढंच लागत होतं. तिच्या लहानपणी गल्लीतल्या पोरांना संध्याकाळचं दिसायचं नाही तेव्हा तुम्ही दृष्ट काढायच्या. ते पोटात हिरव्या भाज्या, पपई, दूध जात नव्हतं म्हणून होतं. यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्याचा राग नाही. मलाही नव्हतं. जे एक तुम्हाला ठाऊक होतं, त्याचा आहे.

मी लेकीला आणायला तिच्या सासरी गेले. विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या, तोंडाच्या तिखट. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर तपासायला नेते. त्या म्हणाल्या, "न्या बाप्पा, न्या. काल कपाटाच्या दाराले धडकली, परवा माह्या चहाच्या कपाले. मी म्हटलं, पोरगी लाजाळू हाय का आंधळी हाय, काहीतरी एक सांग." सगळे हसले. माझी लेकही हसली. मला तुमचा तो हातात थांबलेला घास आठवला.

डॉक्टरांनी थेंब टाकून डोळा बधिर केला आणि एक लहानसं यंत्र डोळ्यावर टेकवून दाब मोजला. मग भिंतीवरच्या काळ्या पडद्यापुढे बसवलं, एक डोळा झाकला, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. पांढऱ्या टोकाची काडी ते पडद्याच्या कडेनं हळूहळू आत आणत होते, दिसली की सांगायचं. मी मागे बाकावर बसून ती काडी बघत होते. काडी केव्हाच आत आली होती आणि माझी लेक गप्प होती. मला वाटलं, बोल ना बाई, आली ना ती. मग ती म्हणाली, "दिसली." एका डोळ्याच्या कडेला थोडं गेलं आहे, डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं शाबूत आहे. दिवसातून चार वेळा थेंब, न चुकता, जन्मभर. थेंब घातले की काही वेळ भुवया दुखतील, अंधारल्यासारखं होईल, म्हणून सोडायचं नाही. वडिलांचं कळलं असतं तर त्यांनाही हेच दिलं असतं, असं ते सहज बोलून गेले. सहजच. त्यांना काय माहीत.

रिक्षात लेक बाटली मुठीत धरून बसली होती. म्हणाली, "आई, घरी काय सांगू?"

आणि मी म्हटलं, "सांग, डोळे कोरडे पडते म्हणून देल्ले. नाही तं सांगूच नको. पावडरच्या डब्यामागं ठेव."

मी म्हटलं हे. तुम्ही नाही, तुमच्या आईनं नाही. ते वाक्य तोंडातून निघायला मला एक क्षणही लागला नाही. ती सून होऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती, अजून मूल नव्हतं, आणि मला एकदम दिसलं की विहीणबाई आपल्या मुलाला बाजूला घेऊन काय बोलतील, होणाऱ्या नातवंडांबद्दल काय विचारतील. काल डॉक्टरांनी परत बोलावलं होतं. दाब उतरला नव्हता. "थेंब घालता ना नियमानं?" त्यांनी विचारलं, आणि लेकीनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली की दुपारचे राहतात. दुपारी सासूबाई जवळच आडव्या होतात, गप्पा मारतात, बाटली काढता येत नाही. कधी संध्याकाळचेही राहतात. एवढं सांगून ती माझ्या खांद्याला धरून रिक्षात चढली.

आज सकाळी जेवण आटोपून मी रामदासपेठेत जायला निघाले होते. काय बोलायचं ते पाठ केलं आहे. विहीणबाई, हिच्या बापाच्या घराण्यात काचबिंदू आहे, हिलाही लागला आहे, वेळेत सापडला आहे, थेंब चुकले नाहीत तर नजर राहील, ते चुकू नयेत म्हणून तुम्हाला सांगायला आले. एवढंच आहे, लांब नाही. लुगडं बदललं, पिशवी घेतली, कुलूप हातात घेतलं, आणि मग वाटलं आधी तुम्हाला चार शब्द सुनवावेत. तसा हा कागद काढला. त्याला आता दुपार उलटून गेली. तिचे आजचेही थेंब राहिले असतील.

तुमच्या तोंडातून ते वाक्य का निघालं नसेल, हे मला सकाळपासून चांगलंच कळलं आहे. पण कळलं म्हणून माफ केलं, असं मी लिहिणार नाही. रिक्षा कोपऱ्यावर उभी आहे, इथून दिसते. मी अजून उठलेली नाही.